आतली म्हैस

रतीबा नावाच्या बाईबद्दल सांगायला मोअती हा काही योग्य माणूस नव्हे. अर्धं आयुष्य त्यानं रोज सकाळी तिच्या दारातून दुधाचे डबे उचलले, आधी गाढवाच्या गाडीत, मग तीनचाकीत. पण उंबऱ्याच्या आत तो कधी गेला नाही. तिला चहा गोड लागायचा की फिका, हेही त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते तिचं दूध. तेवढ्यावरून माणूस किती कळतो, कोण जाणे.

कालव्याकाठच्या त्या गावात मुलाच्या नावाआधी आईला उम्म आणि बापाला अबू लावून हाक मारतात, म्हणून मोअती अबू रिदा आणि रतीबा उम्म शहाता. शहाता म्हणजे भीक. आधीची दोन मुलं गोरीगोमटी होती, साऱ्या गावानं उचलून घेतलेली, आणि दोन्ही रांगायच्या आतच गेली. तिसऱ्याचं नाव तिनं असं ठेवलं, की कुणाची नजर त्याच्यावर ठरू नये. तो जगला.

तिचा धंदा सुरू झाला तो अर्ध्या म्हशीवर. नवरा गेल्यावर हनफी कसायानं पैसे घातले आणि तिनं म्हैस सांभाळायची, असं ठरलं. दूध तिचं, रेडकं निम्मी निम्मी. तिनं एवढंच म्हटलं, "रेडा झाला तर तुझा, रेडी झाली तर माझी." हनफी खूश झाला, कारण त्याला मांसाशी मतलब. पुढं कसायाचा वाटा कापला गेला आणि तिचा वाटा वीत गेला. गोठ्यात नऊ म्हशी झाल्या तेव्हा हनफी दुकानात बसून गिऱ्हाइकांना सांगायचा, "त्या बाईनं मला माझ्याच सुरीनं कापलं."

सगळ्या म्हशी एकदम विऊ नयेत याकडं तिचं लक्ष असे. उन्हाळ्यात बरसीमचा हिरवा चारा संपला की गावातलं दूध आटायचं आणि शहरातले मिठाईवाले चढा भाव द्यायचे. त्या दिवसांत हिच्या दोन-तीन म्हशी ताज्या व्यालेल्या असत. शुक्रवारची साय ती वेगळी विकायची. त्यातून पक्का गोठा झाला, शहाताचं लग्न झालं.

पण किती दूध निघालं, हे ती कधी बोलली नाही. डब्यांवर काळं फडकं असायचं. मोअतीनं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "आहे बरं." दूध केंद्रावर माप व्हायचं तेव्हाच त्याला आकडा कळायचा, आणि तो त्यानंही कुणाला सांगितला नाही.

एका शरदात लाळ-खुरकताची लस टोचायला सरकारी डॉक्टर आले. उम्म शहाता अडाणी नव्हती. सगळ्यांच्या आधी आठ म्हशी तिनं स्वतः अंगणात आणून बांधल्या. नववी, मब्रूका, रोटीच्या भट्टीमागच्या खोलीत भुशाच्या आड होती, तिची पारडीही. मब्रूकाची कास अशी भरलेली असे, की बघणारा बघतच राही. आणि त्या दिवशी अंगणात निम्मं गाव जमलं होतं.

"झाल्या सगळ्या?" डॉक्टरनं विचारलं.

"झाल्या."

तेवढ्यात आतून मब्रूका ओरडली.

"मग आत कोण आहे?"

"शहाताची सासू आलीय," उम्म शहाता म्हणाली. "तिलाही टोचणार?"

अंगणभर हशा पिकला. डॉक्टरही हसला आणि पेटी मिटून पुढच्या घरी गेला.

डबे उचलताना मोअती हळूच म्हणाला, "उम्म शहाता, अजून ते शेजारीच आहेत. आतलीलाही टोचून घ्या ना."

"तू दूध ने, अबू रिदा."

"दूध नेतोच. पण…"

"दोन पोरं मी लोकांच्या नजरेसमोर उघड्यावर घेऊन फिरले," ती म्हणाली आणि डब्यावर फडकं ओढलं.

मोअतीनं तीनचाकी सुरू केली.

थंडीत बाजारात कुणीतरी परगावची जनावरं आणली आणि रोग गावात शिरला. तिच्या आठ म्हशी दोन दिवस लाळ गाळून, पाय झटकून सावरल्या. पारडी पहिल्या तापातच गेली. मब्रूकाची जीभ सोलून निघाली, खुरं सुटली, ती बसली ती उठली नाही. हनफी दारात आला. म्हणाला, "धुगधुगी आहे तोवर कापायला दे, काहीतरी हाती येईल." उम्म शहातानं त्याला पाणी दिलं आणि नको म्हटलं. कालव्यापलीकडं खड्डा खणून चुना टाकून मब्रूकाला पुरलं. ती रडली नाही. निदान मोअतीनं तिला रडताना पाहिलं नाही.

उरलेल्या म्हशींच्या धारा काढून ती दूध जमिनीत ओतायची, कारण आजारी जनावराचं दूध विकायचं नसतं. तरी रोज सकाळी घासलेले डबे दारात ओळीनं मांडलेले असत. मोअती तीनचाकी थांबवायचा.

"आज नाही," ती म्हणायची.

"बरं."

डबे रिकामे आहेत हे त्याला लांबूनच दिसायचं. तरी तो थांबायचा. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग एका सकाळी डबे भरलेले होते. मोअतीनं ते तीनचाकीत चढवले.

वसंतात डॉक्टर पुन्हा आले. बायका पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या. आठही म्हशी बाहेर होत्या, घरात काही उरलं नव्हतं. डॉक्टरला मागली थट्टा आठवली. "सासूबाई गेल्या का परत?"

"ती मेली," उम्म शहाता म्हणाली. "दिवसाला सोळा लिटर द्यायची."

बायकांनी आपापल्या पोरांची तोंडं पदराआड घेतली. ती मात्र पुढच्या म्हशीचं दावं धरून टोचायला कान वर करून देत होती. "ही अकरा. ही नऊ, पण साय जाड." कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून डब्यांवर फडकं नसायचं. आकडा ती स्वतःच सांगायची, वाटेवर, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, बाजारभाव सांगावा तशी. धंदा नीट चालला होता. त्या वर्षी कमाई उलट वाढलीच.

उन्हाळ्यात एका दुपारी ती गव्हाणीजवळ बसल्या जागी गेली. शहाता सांगायला आला तेव्हा मोअतीला त्या सकाळचं सगळं बोलणं आठवलं. फार नव्हतंच. त्यानं डबे चढवले होते आणि गळ्यातला पंचा काढून त्यांच्यावर पसरला होता.

"बासष्ट आहे," ती म्हणाली होती. "हे काय, पंचा कशाला?"

"माश्या बसतात."

"बरं."