मास्तरांचं शेवटचं रेकॉर्डिंग

आमच्या चर्चच्या वाद्यवृंदातल्या एका मैत्रिणीनं आज मोबाईलवर जुनं रेकॉर्डिंग पाठवलं. व्हायोलिनचे पहिले सूर ऐकले आणि मेथी निवडता निवडता माझा हात थांबला. उभं आयुष्य आम्हाला गायला-वाजवायला शिकवणाऱ्या मास्तरांचं ते शेवटचं रेकॉर्डिंग होतं.

ते वाद्यवृंदातून निवृत्त होत होते आणि त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम रेकॉर्डिंगच्या आदल्या संध्याकाळी नगरला झाला होता. दुसऱ्या दिवशी केडगावच्या एका बंद खोलीत आम्ही तीच गीतं पुन्हा गात होतो. रेकॉर्डिंगमध्ये आवाज येईल म्हणून पंखाही बंद होता. शेवटचं गीत छान जमलं, तरी मास्तरांनी हात वर केले.

"अजून एकदा घेऊ."

"मास्तर, लई भारी झालं की," आमचा राहुरीचा तबलजी म्हणाला. "आता सोडा घरी."

"बरं, हे शेवटचं," मास्तर हसले. त्यानंतरही त्यांनी पुन्हा घ्यायला लावलं.

माझी मुलं तेव्हा लहान होती, डोक्यात स्वयंपाक घोळत होता. मास्तर वयानं हट्टी झालेत, एवढंच मला वाटलं. त्यांची बायको वारली होती, घरी दुसरं कुणी नव्हतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

आता आमचे हे गेले, मुलं पुण्याला असतात. कुणी भेटायला आलं आणि जायला उठलं, की मी घाईघाईनं पुन्हा चहाचं आधण ठेवते.