रद्द म्हणायचा अधिकार

इकबालभाऊ गेले ही बातमी मला ऑफिसातून कळली, आणि तीही बातमी म्हणून नव्हे. मी सकाळी भाजी निवडत बसले होते. ज्या खात्यातून मी टायपिस्ट म्हणून निवृत्त झाले, तिथल्या नव्या लिपिकाचा फोन आला. "कुंदाबाई, कॉम्प्युटरवर नोंदीची खिडकी उघडून नाई राह्यली, न इकबालभाऊ मोबाइल उचलून नाई राह्यले. त्यायच्या घरचा नंबर आहे का तुमच्याकडे?" मी नंबर दिला, आणि माणसाला सकाळचा चहा तरी सुखानं घेऊ देत जा, असं वर सुनावलंही. मग मलाच राहवेना म्हणून मीही तोच नंबर फिरवला. त्यांच्या बायकोनं, शाहीननं उचलला. पहाटे छातीत दुखायला लागलं, रिक्षा दारात येईपर्यंत सगळं आटोपलं होतं... पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. मी होते तिथंच बसून राहिले, आणि पहिला विचार काय यावा, तर आता तरी खातं यांची रजा मंजूर करेल. असल्या वेळी असं काही सुचलं याचा मला रागच आला. पण त्यांना ओळखणाऱ्या कुणालाही तेच सुचलं असतं.

इकबाल शेख आमच्या गडचिरोलीचेच. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, पण मुलाला त्या बारीक चिमट्यांत रस नव्हता. नागपूरला शिकून आले ते कॉम्प्युटरचं वेड घेऊनच. नव्वदच्या दशकात आमच्या पूरनियंत्रणाच्या खोलीत कुठल्याशा प्रकल्पातून एक मोठा, महागडा कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग तो चालवायला हे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि समोरचा काही चुकीचं बोलला की तिथल्या तिथं दुरुस्त करायची खोड. आल्या आल्या माझ्या टाइपरायटरला 'म्युझियमची चीज' म्हणाले. पुढं कितीतरी दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते, आणि तेही तोंड वाकडं करून.

आमचं काम सांगायला सोपं होतं. पावसाळ्यात नदीनाल्यांकाठच्या तालुक्यांच्या कचेऱ्या फोनवर पाण्याची पातळी कळवत, आम्ही ती लिहून घेत असू, आणि एखादा पूल बुडायची चिन्हं दिसली की एसटीला आणि पोलिसांना सांगत असू. इकबालभाऊंनी हे सगळं पडद्यावर आणलं. नकाशा, त्यावर नद्या, पाणी चढलं की रेघ लाल. त्यासाठी त्यांना एक फुकट मिळणारं टूलकिट, म्हणजे प्रोग्राम बनवायच्या तयार अवजारांचा संच, सापडलं होतं. त्यात एक छोटी भाषा होती; चार ओळी लिहिल्या की खिडकी तयार व्हायची, आणखी दोन लिहिल्या की त्या खिडकीत बटण यायचं. नवीन काही बनवलं की ते आधी मला वापरायला लावत. "तुम्हाले जमलं, कुंदाबाई, तं कोणालेही जमते," असं वर म्हणत. हा अपमान आहे की कौतुक, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण त्या निमित्तानं आमचं बोलणं सुरू झालं आणि ते कायम राहिलं.

त्याच सुमाराला त्यांचं लग्न झालं आणि हैदराबादच्या एका कंपनीनं त्यांना बोलावलं. शाहीनचा भाऊ तिथंच राहत होता. त्यानं घरसुद्धा बघून ठेवलं होतं. इकबालभाऊ साहेबांकडे 'मला सोडा' म्हणायला गेले, तर साहेब म्हणाले की हा प्रोग्राम या एकाच मोठ्या मशीनवर चालतो. तो तालुक्यातल्या साध्या डेस्कटॉपवर चालवून द्या आणि खुशाल जा. हे हसतच बाहेर आले. टूलकिटचा दावाच तो होता ना, की त्या भाषेत एकदा लिहिलेली स्क्रिप्ट कुठल्याही जातीच्या कॉम्प्युटरवर जशीच्या तशी चालते. महिन्याभरात निघतो, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं. शाहीननं माहेरी तसं कळवलंही.

ती स्क्रिप्ट चालली, पण जशीच्या तशी नाही. मोठ्या मशीनच्या माउसला तीन बटणं होती आणि नकाशा मधल्या बटणानं सरकायचा. डेस्कटॉपच्या माउसला दोनच. फोनवर 'मधलं दाबा' म्हटलं की पलीकडचा माणूस बिचारा दोन बटणांच्या मधोमध प्लास्टिकवर बोट दाबत बसायचा. फाइलचा पत्ता लिहिताना इथं रेघ उजवीकडे तिरपी, तिथं डावीकडे. मराठीचा तर ताल वेगळाच. मोठ्या मशीनवर त्यांनी एकेका शब्दाचं चित्र काढून डकवलं होतं, इकडे फॉन्ट वापरायला गेले तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला. पर्लकोटा नदीचा 'पलर्कोटा' झाला. मी पोट धरून हसले, आणि ते माझ्यावर डाफरले की इथी माझी गाडी सुटून राह्यली न तुम्ही हसता. महिन्याचं वर्ष झालं, तरी कंपनी थांबली होती. शेवटी ते चाललं, तालुक्यांच्या कचेऱ्यांत जाऊन बसलं, आणि इकबालभाऊंनी कार्यमुक्तीचा अर्ज मला टाइप करायला दिला. ज्या मशीनला म्युझियममध्ये पाठवायचं होतं तिच्यावरच करून घेतला, हे मी त्यांना ऐकवलं.

तो अर्ज साहेबांच्या टेबलावर असतानाच ते झालं. आलापल्लीच्या पुढची एक कचेरी, तिचं नाव घेत नाही. मुसळधार पाऊस होता, आणि दुपारभर तिथून पातळीची नोंदच आली नाही. फोनची लाइन गेली होती; आता सगळी भिस्त कॉम्प्युटरच्या निरोपावर, आणि तो वायरलेसच्या जोडणीवरून यायचा. आम्हाला वाटलं, पाणी स्थिर आहे म्हणून गप्प असतील. तिकडे नाला पुलावर चढला आणि न सांगितल्यामुळे निघालेली एसटी बरोबर त्यात जाऊन अडकली. माणसं टपावर चढून बसली. सगळी वाचली, गावकऱ्यांनी दोर टाकून काढली. पण त्या बसमध्ये एक बाळंतीण होती, हे कळल्यावर इकबालभाऊंनी डबा उघडला नाही.

पाणी उतरल्यावर ते स्वतः तिथं गेले. तिथले लिपिक मडावीभाऊ, जवळच्याच खेड्यातले, अतिशय जबाबदार माणूस. त्यांनी आधी आकडा चुकीचा टाकला होता. प्रोग्रामनं विचारलं: नोंद पाठवायची? खाली दोन बटणं, 'होय' आणि 'रद्द'. होय म्हणावं तर चुकीचा आकडा वर जातो. आणि रद्द... "सर, रद्द मी कसं करू?" मडावीभाऊ म्हणाले. "रद्द तं साहेब करते. मले अधिकार नाई." तिथले साहेब दौऱ्यावर होते. तो चौकोन उत्तर मिळाल्याशिवाय दुसरं काही चालूच देत नाही, टूलकिटची ती रीतच. म्हणून मडावीभाऊ मशीन तशीच उघडी ठेवून, साहेबांची वाट बघत, दुपारभर तिच्यासमोर बसून राहिले होते.

इकबालभाऊ भांडायच्या तयारीनं गेले होते आणि गप्प होऊन परत आले. मला म्हणाले, माणूस खोटं नाही बोलला. नव्हताच बोलला. मी इतकी वर्षं टाइप केलं, सहीशिवाय 'रद्द' हा शब्द माझ्या हातून कधी कागदावर उतरला नव्हता. मोठ्या मशीनवर ते बटण आम्ही दोघंच दाबत होतो, म्हणून हे ध्यानातच आलं नाही. मी म्हटलं, अहो, चहा नको असला तर आपण काय म्हणतो? राहू द्या म्हणतो. तेच लिहा. त्यांनी सगळ्या खिडक्यांतलं प्रत्येक 'रद्द' काढून 'राहू द्या' केलं. त्या दिवसापासून कुणाचं बोट अडखळलं नाही.

आमच्या साहेबांनी मात्र कार्यमुक्तीच्या अर्जावर काहीही न अडखळता रद्द लिहिलं. त्यांना तो अधिकार होताच. एवढं घडल्यावर तुम्हाला कसं सोडू, हा पावसाळा जाऊ द्या, म्हणाले. पुढच्या वर्षी दुसरे साहेब आले, त्यांचंही तेच. पावसाळे जात राहिले. कंपनीनं वाट बघून दुसरा माणूस घेतला. मला संताप यायचा. राजीनामा फेका आणि निघा, साहेब काय दोरीनं बांधणार आहेत का, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं. तेव्हा ते जे बोलले ते मी विसरू शकत नाही.

"साहेबानं नाई बांधलं, कुंदाबाई. त्या बसमधले लोक माह्या एका शब्दावर बुडले असते. आता मी गेलो, न पुन्हा असाच एखादा शब्द निघाला तं?"

आणि शब्द निघतच राहिले. डेस्कटॉपची नवी आवृत्ती आली की टूलकिट बदलायचं, टूलकिट बदललं की काहीतरी बिघडायचं. एक दुखणं तर त्यांना कधीच मुळातून बरं करता आलं नाही. प्रश्न विचारणारा तो छोटा चौकोन मोठ्या खिडकीच्या मागे जाऊन लपायचा. समोर काहीच दिसायचं नाही आणि एकही बटण दाबलं जायचं नाही. मग फोन यायचा: भाऊ, मशीन अडकली. मोबाइल आल्यापासून तर जेवताना, लग्नात, ईदच्या दिवशीसुद्धा. सुटण्यासाठी जे लिहिलं ते जितकं चांगलं झालं, तितके ते त्यात रुतत गेले. इस्त्रीचा शर्ट गेला, लोकांना दुरुस्त करायची खोडही गेली. मला ती खोड गेल्याचं जास्त वाईट वाटायचं. एखादी चूक मी मुद्दाम बोलून बघायची, आणि ते नुसते 'हो' म्हणायचे.

परवा मी शाहीनला भेटायला गेले. तिचा भाऊ हैदराबादहून तिला न्यायला आला होता, सामानाची बांधाबांध चालली होती. खिडकीतल्या फळीवर इकबालभाऊंचा मोबाइल चार्जिंगला लावलेला. आम्ही बोलत असतानाच तो वाजला. मला वाटलं, ती कापून टाकेल. तिनं नाव बघितलं, मला हळूच म्हणाली, "मडावीभाऊ," आणि उचलला. त्या आडबाजूच्या कचेरीतल्या माणसापर्यंत बातमी पोचलीच नव्हती. शाहीन कॉम्प्युटरला कधी शिवलेली नाही. पण ती उभ्या उभ्या, डोळे मिटून, त्यांच्याच संथ सुरात सांगू लागली... मोठी खिडकी खाली करा. झाली? आता मागं लहान चौकोन दिसते. तिथी राहू द्या दाबा. घाई नका करू, मी फोनवर आहो.

पलीकडे काम झालं असावं. मडावीभाऊंनी काहीतरी विचारलं. शाहीननं डोळे उघडले. मग एकदम नीट, स्पष्ट आवाजात म्हणाली, "ते हैदराबादले गेले, भाऊ. त्यायले सोडलं ऑफिसनं."

आणि तिनं फोन ठेवला, वायर हातात घेतली, आणि तो पुन्हा चार्जिंगला लावला.