चुकीच्या बाजूच्या टाळ्या

मुलीच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना पाहायला मी पहिल्यांदाच गेलो आणि मध्यंतरानंतर सलग चार वेळा समोरच्या संघासाठी टाळ्या वाजवल्या. त्याही बसून नाही, उभं राहून.

मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वार्धात आमच्या मुली गुलमोहराकडच्या बास्केटमध्ये चेंडू टाकत होत्या, एवढं मी पक्कं ध्यानात ठेवलं होतं. शेजारच्या गृहस्थांना ते समजावूनही सांगितलं होतं. मध्यंतरात चहा पिऊन आलो आणि गुलमोहराकडे चेंडू पडला की उठू लागलो. जर्सीच्या रंगावरून कळायला हवं होतं, हे खरं. पण एक संघ मरून, दुसरा चॉकलेटी आणि माझ्या डोळ्यांवर वाचायचा चष्मा.

चौथ्या टाळीला शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "आपली मुलगी कुठल्या संघात?"

"मरून."

"अच्छा. मग आपण कुणाचे वडील?"

मी खाली बसलो. तोवर मैदानावर माझ्या मुलीने मला पाहिलं होतं. ती संघाची कॅप्टन. कमरेवर हात ठेवून ती उभी राहिली आणि मग हसायला लागली. तिचं पाहून बाकीच्या हसल्या. या मुली आधीचे दोन्ही सामने हरल्या होत्या आणि हाही हरण्याच्या बेतात होत्या. चेहरे दहावीच्या निकालाला उभं असल्यासारखे. हसल्यावर त्यांचे खांदे सैल झाले की काय, देव जाणे, पण शेवटच्या दहा मिनिटांत त्या वेगळ्याच खेळल्या आणि सामना जिंकल्या.

सामन्यानंतर त्यांचे सर माझ्याकडे आले. कॉलेजचे खेळाचे शिक्षक, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, पांढरी छाटलेली दाढी, बोलणं मोजकं. "पुढच्या सामन्याला या," ते म्हणाले. "आणि आज वाजवल्या तशाच वाजवा."

मला वाटलं, टोमणा आहे. पुण्यात तसं वाटणं स्वाभाविक. पण नव्हता. पुढच्या सामन्याला मुलींनी मला प्रेक्षकांच्या त्याच पायरीवर बसवलं, मध्यंतरात तोच चहा पाजला आणि समोरच्यांचा चेंडू पडला की वाजवायला लावलं. तोही सामना त्या जिंकल्या. समोरच्या संघाच्या मुलींनी मात्र जाताना मला "थँक यू काका" म्हटलं. ते मला अजून टोचतं.

आता एकच सामना राहिला होता. तो जिंकला तर गटात दुसरं स्थान आणि आंतरविभागीय स्पर्धेत प्रवेश. हरला तर संपलं. मुलीचं हे शेवटचं वर्ष. तीन वर्षं ती पहाटे उठून त्या सिमेंटच्या कोर्टवर धावत होती आणि तिचं कॉलेज त्या स्पर्धेला एकदाही गेलं नव्हतं. घरात ती यावर बोलत नसे, पण वेळापत्रकाचा कागद तिने फ्रिजवर लावला होता. बायकोने दोनदा त्यावर दुधाचं कार्ड लावलं, तिने दोनदा खालून कागद काढून वर लावला.

अडचण त्या तारखेचीच झाली. संघात बारा मुली असतात. आमच्या संघात सात. त्यातल्या एकीचा हात प्लास्टरमध्ये, म्हणजे सहा. या सहांतली एक अकोल्याची, हॉस्टेलवर राहणारी, इतकी उंच की आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी तिला वाकावं लागे. संघ खरा तिच्यावर उभा होता. आणि ज्या दिवशी साडेचारला सामना, त्याच दिवशी दुपारी दोनला हिंजवडीत तिचा नोकरीचा इंटरव्ह्यू. घरी वडिलांचं शिवणयंत्र आणि पाठची दोन भावंडं. इंटरव्ह्यू सोड असं तिला कुणी म्हणणं शक्य नव्हतं, आणि कुणी म्हटलंही नाही.

कंपनी नेमकी माझी.

मी आधी पिंपरीला एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होतो. तिथे स्वेच्छानिवृत्तीची योजना आल्यावर या सॉफ्टवेअर कंपनीत माहितीपुस्तिका लिहायच्या कामावर लागलो. कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची असा नियम होता. मला मात्र सगळे सरच म्हणत, आणि त्यातून मी स्वतःबद्दल नको तो अर्थ काढला होता. माझी मुलगी आणि ती अकोल्याची, दोघी आमच्याकडे जेवायला बसल्या असताना मी आमटी वाढून घेत म्हणालो, "काळजी करू नका. वेळ बदलून घेतो. आपलीच माणसं आहेत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पापड पुढे केला. त्या पाहण्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. भरतीचं काम पाहणारी मुलगी माझ्या मुलीहून दोन वर्षांनी मोठी असेल. "सर, सिस्टिममध्ये स्लॉट लॉक झालाय," ती म्हणाली. मी विचारलं, सिस्टिमला कुणी सांगू शकतं का? ती इतक्या सहानुभूतीने हसली की मी तिचे आभार मानून आलो.

मग ठरलं ते असं. मी अर्धी रजा टाकायची आणि इंटरव्ह्यू संपताच तिला स्कूटरवरून कोर्टवर आणायचं. सामना सुरू होण्याआधी खेळाडूचं नाव गुणपत्रकात लिहिलेलं असेल, तर उशिरा आली तरी तिला खेळता येतं. ते नाव सर लिहिणार होते. पण मी हिंजवडीला, तर पायरीवर कोण बसणार, हा प्रश्न मुलीला पडला.

"आई, बाबांच्या जागी तू चल. फक्त चुकीच्या टाळ्या वाजवायच्या."

"मला चुकीचं काही जमत नाही," बायको म्हणाली. "त्याला तुझे बाबाच लागतात."

पण गेली.

त्या दिवशी अकोल्याची मुलगी सकाळीच कंपनीच्या पुढच्या फाटकाशी आली. अंगात इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, पायात हॉस्टेलच्या मैत्रिणीच्या टाचांच्या चपला, पाठीला खेळाची सॅक. सॅकमध्ये तिचे बूट. जर्सी आणि चड्ड्या सरांच्या ट्रंकेत असत. बाहेरच्यांना बॅग आत नेता येत नाही, म्हणून पहारेकऱ्याने सॅक ठेवून घेतली आणि एक लाल बिल्ला दिला. "द्या इकडे, तुमच्याकडून हरवेल," म्हणत मी तो बिल्ला माझ्या खिशात टाकला. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहून ठेवतो आहे.

दोनचा इंटरव्ह्यू सव्वातीनला सुरू झाला आणि चारला संपला. ती बाहेर आली तेव्हा चपला हातात होत्या.

"कसा झाला?"

"पाच वर्षांनी स्वतःला कुठं पाहता, असं विचारलं काका. माझ्या तोंडून निघून गेलं, साडेचारला कुठं असीन तेच माहीत नाही."

"मग?"

"मंग हसले नं ते. आता हसले म्हणजे काय, ते मले काय माहीत."

पुढच्या फाटकावर कंपनीच्या बसगाड्या लागायला लागल्या होत्या. मी शहाणपणा केला. मागच्या फाटकातून गावातल्या रस्त्याने निघालो. शहाणपणाला लगेच म्हशी आडव्या आल्या. वीसेक असतील, रस्ताभर पसरलेल्या. मी हॉर्न वाजवला.

"वाजवू नका सायेब, बुजत्यात," त्यांच्यामागून येणारा बाबा म्हणाला.

"घाई आहे हो."

"तुमास्नी हाय. त्यास्नी कुटं हाय?"

म्हशी गेल्या. वाकड झालं, बाणेर झालं. विद्यापीठाच्या चौकात सिग्नलला थांबलो, घाम पुसायला खिशात हात घातला तर रुमालाबरोबर लाल बिल्ला बाहेर आला.

मी तो परत आत टाकला. आणखी दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला सांगितलं. मागे काही क्षण काहीच आवाज नाही. मुलगी पडली की काय म्हणून मी आरशात पाहिलं.

"मीबी विसरलीच नं काका," ती म्हणाली. "काहून एवढे घाबरता? बिनबुटाची खेळते."

तिने मला रागावायला हवं होतं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

कोर्टवर पोहोचलो तेव्हा शेवटची दहा मिनिटं सुरू झाली होती. आम्ही अकरा गुणांनी मागे. पाच मुलींनी सुरुवात केलेली, त्यातल्या एकीचे पाच फाउल होऊन ती बाहेर बसून रडत होती, आणि मैदानात चौघीच पाच जणींशी झुंजत होत्या. माझ्या मुलीचा एक गुडघा सोललेला होता. तिने आम्हाला पाहिलं, पण या वेळी हसली नाही.

उंच मुलगी जर्सी घेऊन खोलीकडे पळाली आणि अनवाणी परत आली. सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रमजानच्या रोज्यांचे दिवस होते. सर पहाटेपासून पाण्याच्या थेंबाशिवाय उभे होते आणि त्यांचे ओठ सुकले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "बूट?"

मी बिल्ला दाखवला.

"या सिमेंटवर अनवाणी उतरवणार नाही," सर म्हणाले. "पायाची सालटी निघतील. सामना जाऊ दे."

ते आवाज न चढवता म्हणाले, म्हणून जास्त लागलं. तेवढ्यात पायरीवरून माझी बायको उतरून आली. खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितल्यापासून ती रोज सकाळी पर्वती चढायची आणि घराबाहेर कुठेही जायचं तर साडीखाली तेच पांढरे बूट घालायची. यावरून मी तिची पुष्कळ थट्टा केली आहे. शिवाय तिचा पाय मोठा. लग्नात माप ओलांडताना आमच्या आत्याबाईंनी "लक्ष्मीची पावलं जरा ऐसपैस आहेत" असं म्हटलं होतं, तेही ती अजून विसरलेली नाही.

"घाल," ती मुलीला म्हणाली. "अंगठ्याशी थोडे फाटलेत."

"काकू, तुम्ही?"

"मला कुठे उड्या मारायच्यात?"

बूट बसले.

मी माझ्या पायरीवर जाऊन बसलो, पण आता बाजू बदलून झाल्यात हे माहीत असूनही माझा गोंधळ उडाला. बायकोला विचारलं, "अगं, आपली बास्केट कुठली?"

"गेटाकडची. आणि आता तुम्ही गप्प बसा."

त्या मुलीने फार गुण केले नाहीत. सहा केले असतील. पण ती बास्केटखाली हात वर करून उभी राहिली की समोरच्यांना चेंडू टाकायला जागा दिसेना. आमच्या दमलेल्या मुलींना कुणाकडे तरी चेंडू देता येऊ लागला. अकराचे सात झाले, सातचे तीन, मग बरोबरी. शेवटच्या मिनिटात माझ्या मुलीला कुणी न अडवता टाकायचे दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला रिंगला लागून बाहेर. तिने तळहात जर्सीला पुसला. बायकोने माझं मनगट पकडलं. दुसरा आत गेला.

समोरच्यांनी शेवटचा चेंडू टाकला, तो रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर आला. अकोल्याच्या मुलीने तो वरच्या वर पकडला आणि बाजारातून भोपळा आणावा तसा दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरून शिट्टी होईपर्यंत उभी राहिली.

एका गुणाने. मी टाळ्या वाजवल्याच नव्हत्या. कुठल्याच बाजूने. हे माझ्या नंतर लक्षात आलं, आणि मुलींना मी ते आजवर सांगितलेलं नाही.

सर बाकावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मशिदीतून अजान ऐकू आली, तशी त्यांनी शिट्टीच्या पाकिटातून खजुरांची पुडी काढली. एक तोंडात टाकला आणि पुडी मुलींकडे दिली. एक खजूर माझ्यापर्यंतही आला. "उद्या सॅक आणून द्या," सर म्हणाले. मला वाटतं, त्यांनी मला माफ केलं ते असं.

सॅक मी दुसऱ्या दिवशी आणली. आठ दिवसांनी निवड झालेल्यांची यादी लागली, त्यात त्या मुलीचं नाव होतं. त्यात माझा काही हात नव्हता, हे मी पहिल्यांदाच न विचारता सांगून टाकलं. आंतरविभागीय स्पर्धेत आमच्या मुली पहिल्याच सामन्यात सडकून हरल्या. पण गेल्या. वेळापत्रकाचा कागद फ्रिजवर पुढे वर्षभर होता आणि बायकोने दुधाचं कार्ड दाराच्या खिळ्याला अडकवलं.

सामना जिंकला त्या संध्याकाळी आम्ही दोघं स्कूटरकडे निघालो तेव्हा मुली बूट परत द्यायचं विसरून नाचत होत्या. बायकोच्या पायात हॉस्टेलच्या मैत्रिणीच्या त्या टाचांच्या चपला. माझ्या खांद्याला धरून ती जपून पावलं टाकत होती. मी म्हणालो, "तुझ्या बुटांनी आज सामना जिंकला."

"तीन वर्षं ते घालून मी रोज पर्वती चढते," ती म्हणाली. "कुणी टाळी वाजवलेली आठवत नाही. उद्या सहाला उठा आणि वर येऊन वाजवा. बाजू चुकली तरी चालेल."