कुंपणाखालचा लव्हाळा

कॉलरबाईंनी जन्मभर शर्टांच्या कॉलरी शिवल्या. कारखान्यात बाकीचा शर्ट कुणीही शिवो, कॉलर मात्र बाईंचीच. म्हणून गल्लीत त्यांना तेच नाव पडलं. पुढे दोरा ओवताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं, काम सुटलं आणि हात रिकामे झाले. रिकाम्या हातांनी त्या सुनेच्या स्वयंपाकघरात लुडबुड करू लागल्या. तेव्हा सुनेनेच शहाणपणाने फुलझाडांची रोपं आणून दिली. म्हणाली, "आई, कुंपणालगतची जागा ओसाड पडलीय. तिथे काय हवं ते करा."

बाईंनी दोरी बांधून वाफा आखला. मागे उंच हॉलिहॉक, मध्ये शेवंती, पुढे ठेंगणी झिनिया. येणाराजाणारा थांबून बघू लागला.

आणि मग लव्हाळा उगवला. बाईंनी उपटला, पातं हातात आलं, गाठ जमिनीतच राहिली. आठवड्याभरात एकाचे चार झाले. मुलगा वैतागून तणनाशक घेऊन आला आणि वारा सुटलेला असतानाच फवारून मोकळा झाला. लव्हाळा चार दिवस पिवळा पडला आणि पुन्हा उठला. शेवंती मात्र गेली ती गेलीच.

"रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!" बाई म्हणाल्या आणि त्यानंतर मुलाला त्यांनी वाफ्याकडे फिरकू दिलं नाही.

मग खुरपं घेऊन त्या स्वतः पाटावर बसल्या. आता पातं ओढायचं नाही, भोवतीची माती सैल करत खाली जायचं. खाली काळी गाठ, गाठीला दोऱ्यासारखं मूळ, मुळाला पुढची गाठ. उसवायचं काम बाईंना नवं नव्हतं. मूळ तुटू न देता त्या सरकत राहिल्या, आणि ते कुंपणाच्या तारेखालून थेट पलीकडे गेलं.

पलीकडे धाकट्या जावेचं अंगण होतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी धाकटी चारचौघांत बोलून गेली होती, "शेवटी पाणीसुद्धा वेळेवर मिळालं नाही त्यांना." सेवा तर कॉलरबाईंनीच केली होती. त्या तेव्हा गप्प बसल्या आणि पुढेही गप्पच राहिल्या. मग घराची वाटणी झाली, मध्ये तार आली. मुलं इकडून तिकडे जात. जावा मात्र समोर आल्या की नजर फिरवत.

बाईंनी मान वर करून पाहिलं. पलीकडे लव्हाळ्याचं रान माजलं होतं आणि धाकटी त्याला झारीने पाणी घालत होती!

"अगं, ते तण आहे!" बाईंच्या तोंडून निघूनच गेलं.

धाकटी दचकली. "असू दे. हिरवं आहे ना?"

"माझ्या वाफ्यात शिरतंय ते."

"मग मी काय करू, जाऊबाई? गुडघे गेल्यापासून खाली बसवत नाही. लावलेलं काही जगलं नाही. हे आपणहून आलं, म्हटलं येऊ दे."

बाईंच्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं टोकदार. ते त्यांनी गिळलं. तण उपट म्हणावं तर हिचं अंगण भकास होणार, राहू दे म्हणावं तर आपला वाफा जाणार. दुपारभर त्यांना चैन पडेना.

सकाळी त्या खुरपं घेऊन धाकटीच्या दारात उभ्या राहिल्या. "मी खणून देते. जागा बोडकी नाही ठेवणार, उभ्याने पाणी घालता येईल असं काहीतरी लावू."

"आणि ते नाही जगलं तर?"

"तर लव्हाळा आहेच. तो कुठे जातोय?"

धाकटीला हसू आलं. तिने दार उघडलं.

कॉलरबाई खणत आणि धाकटी खुर्चीत बसून, मांडीवर चाळण घेऊन, तांदूळ निवडावेत तशा मातीतून गाठी निवडे. गाठी गच्चीवर कडक उन्हात वाळत पडत. तारेखाली बाईंनी जुने पत्रे गाडले आणि मोकळ्या मातीवर पुठ्ठे अंथरून वर पालापाचोळा टाकला. बोलणं चाले ते फक्त लव्हाळ्याचं.

एके दिवशी धाकटी म्हणाली, "जाऊबाई, तेव्हा मी जे बोलले ना..."

"चाळण रिकामी झाली का?" बाईंनी झटकन विचारलं आणि पुढची माती ओतली. घरी आल्यावर बाईंना वाटलं, बोलू द्यायला हवं होतं तिला.

दुसऱ्या दिवशी खणता खणता, वर न बघता, त्याच म्हणाल्या, "सासूबाईंना पाणी गिळवत नव्हतं. ओठ तेवढे ओले करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुला कुणी सांगितलं नसेल."

धाकटीचा हात चाळणीत थांबला. "नाही सांगितलं कुणी. तुम्ही तरी सांगायचंत."

"तू विचारायचंस."

धाकटीने डोळे पुसले, मातीचा हात गालाला लागला. "राहू दे आता खणायचं," ती म्हणाली. "आत या. चहा टाकते."

लव्हाळा अजूनही अधूनमधून डोकं काढतो, दोन्हीकडे. काढायला मात्र आता दोघी आहेत.