बिनदांड्याची छत्री

माझ्या धंद्यात गिऱ्हाईक हल्ली तोंडाने बोलत नाही, मोबाईल पुढे करतं. मी पनवेलला लग्नमंडपांची सजावट करतो. पूर्वी नवरीचा बाप यायचा, दोन्ही हात फैलावून म्हणायचा, "असं काहीतरी भव्य करा", आणि तिथून आमची खरी बोलाचाली सुरू व्हायची. आता एआयने काढलेलं चित्र येतं. त्यात झेंडू वेलीला लागलेला असतो, समईची ज्योत खालच्या दिशेने जळत असते आणि स्टेजवर चढायचा जिना भिंतीत जाऊन संपतो. वर फर्मान सुटतं, "अगदी सेम पाहिजे." एकाला मी चिडून विचारलं, जिनापण सेम ना? तर म्हणाला, हो, तोच तर आवडलाय.

त्यामुळे खारघरच्या एका कॉलेजातली संशोधन करणारी बाई दुकानात आली तेव्हा मी आधीच तापलेला होतो. एआय चित्रं काढतं, गाणी रचतं, मग हाताने कला करून पोट भरणाऱ्यांचं काय होतं आणि त्यांना एआय ओळखायला, वापरायला कसं शिकवावं, असा तिचा विषय होता. त्यासाठी नवीन पनवेलच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी मंडपवाले, मेंदीवाल्या आणि फोटोग्राफर यांचा मोफत वर्ग भरणार होता. चातुर्मासात लग्नं नसतात, आम्ही सगळे माशा मारत बसलेलो असतो, हे तिने बरोबर हेरलं होतं.

"काका, एआय तुमची कला खाऊन टाकेल असं वाटतं का?"

"आधी गिऱ्हाईक खातं. त्यातून काही उरलं तर एआयने घ्यावं."

तिने ते लिहून घेतलं. मला आवडलं, पण आवडलेलं तोंडावर दाखवायचं नसतं. वर्ग दोन तासांचा होता, तो मी दीड तासावर आणला. चहाबरोबर बिस्किटं होती, तिथे वडे कबूल करून घेतले. आणि घासाघीस थांबवायची जिवावर आली म्हणून शेवटी उगाच एक अट घातली, तुमच्या अहवालात माझं नाव कुठेही येता कामा नये. ती चटकन म्हणाली, "अजिबात नाही येणार, काका." मला वाटलं, जिंकलो.

पहिल्या वर्गाआधी प्रत्येकाने आपल्या कामाचा एक फोटो तिला पाठवायचा होता. मी माझी छत्री पाठवली.

या छत्रीबद्दल सांगायला हवं. नवरा-नवरीच्या खुर्च्यांवर पांढऱ्या फुलांची एक मोठी उघडी छत्री, आणि तिला दांडा नाही. खांब नाही, दोरी नाही, नुसती हवेत. आत वेताचा हलका सांगाडा असतो आणि तो छताला तंगूसाने बांधलेला असतो, म्हणजे मासे धरायच्या त्या पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्याने. दिवे कुठून मारायचे ते कळलं की दोरा दिसत नाही. तंगूस मी उरणच्या एका कोळी मावशीकडून आणायचो. पहिल्यांदा गेलो तेव्हा कोणती जाडी घ्यावी म्हणून बराच वेळ चाचपत बसलो होतो. तिने विचारलं, "मासं धरनार हाय का गिराईक?" मी म्हटलं, गिऱ्हाईक. "मंग जाडा ने. गिराईक माशापेक्षा जास्ती वडतं."

ही युक्ती आमच्या भागात फक्त माझ्याकडे होती. छत्री चढवताना हॉलचं दार आतून बंद, आणि उतरवायला मी स्वतः जायचो.

वर्गात पळस्प्याचा एक सजावटवालाही आला होता. आधी माझ्याकडेच कामाला होता, मग स्वतःचं दुकान टाकून माझीच गिऱ्हाइकं हसतमुखाने पळवायला लागला. अजून मला शेठ म्हणतो. तो शेठ म्हणाला की मी खिसा चाचपतो.

बाईने पडद्यावर एकेक चित्र दाखवायला सुरुवात केली. काही फोटो आमच्या कामांचे, काही एआयने बनवलेले. कोणतं कोणाचं ते ती सांगणार नव्हती. ज्याला चित्र मशीनचं वाटेल त्याने हात वर करायचा. मेंदीवाल्या तरबेज निघाल्या. त्या आधी नवरीची बोटं मोजायच्या आणि मगच बाकीचं बघायच्या. मग माझी छत्री आली.

सगळे हात वर गेले. माझा सोडून.

"ही तर उघड उघड मशीनची," पळस्पेवाला म्हणाला. "छत्री कशावर उभी आहे ते त्या एआयच्या लक्षातच राहिलं नाही."

सगळे हसले. बाई म्हणाली, "हा खरा फोटो आहे. इथल्याच एकाने बांधलेली छत्री आहे ही."

"मग ज्याची असेल त्याने सांगावं, ती पडत का नाही."

बाईने वचन पाळलं, माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण ज्या छत्रीखाली मी हॉलची दारं लावून घाम गाळला, ती एका मशीनच्या खात्यावर जमा होत होती, आणि जमा करणारा हा. मी उठलो.

"माझी आहे."

"अरे वा, शेठ. मग सांगा, कशी बांधलीत?"

"ते सांगणार नाही."

"मशीनला विचारलं तर तेही असंच काहीतरी म्हणेल."

पुन्हा हशा. माझी कोंडी झाली होती. सांगितलं तर युक्ती गेली. नाही सांगितलं तर छत्री गेली.

वर्ग सुटल्यावर बाईने मला गाठलं. "काका, माझा सगळा धडाच अडलाय. खरं-खोटं नुसतं डोळ्याने ठरवू नका, कुठून आलं, कोणी केलं, कसं केलं ते विचारा, हेच मला शिकवायचं होतं. आणि ज्याने केलं तोच बोलत नाही."

मी तिच्याशी सौदा केला. पुढच्या शनिवारी मी छत्री याच हॉलमध्ये बांधून दाखवतो. पण बांधताना कोणी आत यायचं नाही, लांबवर दोरी लावायची, दोरीपलीकडे कोणी पाऊल टाकायचं नाही आणि हात तर मुळीच लावायचा नाही. म्हणजे छत्री माझी ठरेल आणि युक्तीही माझ्याकडेच राहील. असा दोन्हीकडचा फायदा मी उभ्या आयुष्यात फार वेळा साधलेला नाही.

त्या शनिवारी छत्री झकास लागली. वाऱ्याने हलू नये म्हणून मी पंखे बंद ठेवायला लावले होते. मंडळी घाम पुसत आत आली आणि दोरीपाशी थबकली. एक मेंदीवाली "अगंबाई" एवढंच म्हणाली. माझी छाती फुगायला लागली, तेवढ्यात पळस्पेवाला मान वर करून छत न्याहाळायला लागला.

"काय शोधतोस?"

"प्रोजेक्टर कुठे लपवलाय ते बघतोय, शेठ."

"हल्ली हवेत चित्र दाखवतात खरं," एक फोटोग्राफर म्हणाला. "एका रिसेप्शनला बघितलंय मी."

"म्हणूनच हात लावू देत नाहीत," तिसरा म्हणाला.

आता यावर काय करायचं? समोर खरी फुलं, त्यांचा वास नाकात, आणि ही माणसं दिवा शोधतायत. बाई काहीतरी समजावू लागली होती, मला ऐकू आलं नाही. मी पळस्पेवाल्याचं मनगट धरलं, त्याला दोरीखालून ओढत नेला, स्टुलावर चढवला आणि त्याचा हात नेमका त्या दोऱ्यावर ठेवला.

"धर. ओढ. आहे का प्रोजेक्टर?"

त्याने बोटं हळूहळू वर सरकवली. छतापर्यंत नजर गेली. "तंगूस," तो म्हणाला. मग त्याने बोटांच्या चिमटीत दोऱ्याची जाडी नीट तपासली आणि माझ्याकडे बघून इतकं गोड हसला की आपण काय करून बसलो ते मला तेव्हाच कळलं.

"खरी आहे, मॅडम," त्याने खाली उतरून मोठ्याने जाहीर केलं. "शेठनीच बांधलीय. मी साक्षीदार."

बाई हरखून गेली. तिच्या अहवालात छत्रीवर चांगली दोन पानं आहेत. त्यात मी "एक सहभागी सजावटकार" आहे आणि पळस्पेवाला "दुसरा सहभागी सजावटकार". मी फोन करून म्हटलं, निदान पहिल्याचं तरी नाव घाला. ती म्हणाली, "काका, तुमचीच अट होती ना? आणि आमचा नियमही तोच आहे." मी म्हटलं, अट मागे घेतो, एक वडाही कमी करा. ती खूप हसली. नाव काही आलं नाही.

तुळशीचं लग्न झालं आणि सीझन सुरू झाला. बघता बघता पळस्प्यापासून खारघरपर्यंत बिनदांड्याच्या छत्र्या लटकायला लागल्या. मला खालूनच कळायचं कोणती कोणाची. त्याची डावीकडे कलते.

एके दिवशी खारघरहून एक मुलगी आईला घेऊन आली आणि तिने मोबाईल पुढे केला. पांढरी छत्री, हवेत, डावीकडे कललेली.

"काका, असं करता?"

मी चष्मा लावला, फोटो मोठा करून बघितला आणि मान हलवली. "हे एआयचं चित्र आहे, बेटा. बघ ना, दांडाच नाही. असं प्रत्यक्षात उभं राहत नाही. हल्ली फार फसवतात लोकांना."

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

"पण आम्ही त्या लग्नाला होतो," आई म्हणाली. "छत्रीखाली उभं राहून फोटोही काढलेत. पळस्प्याच्या एकांनी केलं होतं."

मी चष्मा काढून पुसला. "ते शिकले कोणाकडून, विचारलंत का?"

"हो. ते म्हणाले, एआयच्या वर्गात."

दोघी उठायच्या बेतात होत्या. आणखी काही बोललो असतो तर गिऱ्हाईकही गेलं असतं. मी चहा सांगितला.

"त्यांची डावीकडे कलते," मी म्हटलं. "नीट बघा."

मुलीने फोटो मोठा केला. आईने चष्म्यावरून वाकून बघितला.

"खरंच की गं," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बरं, मग सरळ छत्रीचं काय घ्याल, आणि त्यात कमी किती कराल?"

तिथून पुढे मात्र मला कोणाच्या साक्षीची गरज नव्हती.