ताईच्या हातचं तळं

वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं, तेव्हाची गोष्ट. मी अमरावतीला मॅट्रिकमध्ये होते. शाळेच्या सहलीत चिखलदऱ्याचं तळं पाहून आले आणि त्याचंच चित्र काढायच्या मागे लागले. ड्रॉइंगच्या सरांनी रंगपेटी काढून घेतली अन् दोनच वड्या हातावर ठेवल्या, निळी आणि तपकिरी. म्हणाले, "रंगीबेरंगी कोणीबी करते. उजेड कुठं, सावली कुठं, तेवढं दाखव." मागचे डोंगर पातळ रंगात, पुढचा काठ गडद, आणि तळ्यावरचा उजेड म्हणजे नुसता सोडलेला कोरा कागद. किती कागद फाडले, तेव्हा कुठं जमलं. हे नागपूरच्या चित्रशाळेत दाखवू, तुला घेतीलच, असं सर म्हणाले.

त्याच आठवड्यात अकोल्याची मंडळी ताईला पाहायला आली. मुलीच्या हातचं काहीतरी मांडून ठेवायची तेव्हा रीत होती, रुमाल, मण्यांच्या पिशव्या, असलं. ताईला सुईत दोरा ओवायचाही कंटाळा. आईनं माझं तळं भिंतीला टेकवलं आणि सांगितलं, "हे बी तिचंच." पोहे राहिले बाजूला, मुलाचे वडील चित्रच पाहत बसले. स्थळ पक्कं झालं आणि चित्र त्यांच्यासोबत गेलं. आयत्या बिळावर नागोबा!

मी रडले, भांडले. बाबा म्हणाले, "चित्र काय, अजून काढशीन. असं स्थळ अजून येईन काय?"

बरं, काढते, म्हटलं. डोंगरांवर पहिला हात दिला, तर आईनं पाण्याची वाटीच उचलली. "पागल झाली काय वं? अकोल्याचं कोणी आलं न् तुह्या हातात ब्रश दिसला, तर तिचं काय होईन? या घरात चित्र काढनारी एकच पोरगी हाये."

ताईचं लग्न झालं तरी आईची भीती सरली नाही. सर घरी आले, त्यांना दारातूनच वाटेला लावलं. नागपूर राहिलं ते राहिलंच. अजूनही राग येतो मला, येणारच.

पुढं अकोल्याला, जठारपेठेत ताईच्या घरी गेले. बैठकीत माझं तळं, काचेच्या फ्रेममध्ये. तिच्या सासूबाईंनी कौतुकानं ते दाखवलं आणि विचारलं, "तुले येते काय वं असं काही?"

सगळं ओठांवर आलं होतं. पण माझ्याकडे न पाहता ताईच बोलली, "तिले नाही आवडत."

"मंग शिकून घे न ताईपासून," सासूबाई म्हणाल्या. "तुले पाहाले येतीन, तवा काय दाखोशीन?"