तलावातली सलामी

चंद्रपूरहून एसटीने आलापल्लीकडे निघालो तेव्हा पिशवीत इस्त्रीचा पांढरा गणवेश होता आणि मनात एक जुनं खोटं. नौदलाच्या मुलाखतीत मी सांगितलं होतं, पुरात बुडणाऱ्या शिवरामला, माझ्या बालमित्राला, मी वाचवलं. खरं म्हणजे बुडत मी होतो. ओढून त्याने काढलं. पुढे प्रत्येक जहाजावर जेवताना मी ही गोष्ट सांगे आणि दरवेळी पुराचं पाणी थोडं वाढे. असा मी कमांडर झालो. शेवटची बरीच वर्षं दिल्लीच्या कचेरीत गेली. तिथून समुद्र गाठायला विमान लागतं.

निवृत्तीनंतर गावाने सत्कार ठरवला. माझी गोष्ट फिरत फिरत गावातही पोहोचली होती; पत्रिकेत छापलं होतं, 'शिवरामचे प्राणदाते'. शालीआधी त्याची माफी मागायची, असं ठरवूनच निघालो होतो.

सागाची रांग संपली, फाटा आला. नौदलाचा माणूस रस्त्याने कसा आणायचा, म्हणून गावाने तलावातून आणायचं ठरवलं होतं. गणवेश चढवून काठावर आलो, तर डोंगा (एकाच खोडाची कोरीव होडी) घेऊन शिवरामच उभा.

मध्यावर आल्यावर मी म्हणालो, "शिवराम, मी खोटं बोललो गा."

"मालूम हाये. पत्रिका मीच वाटून राह्यलो सकाळपासून. चूप बस, अन् उभा राहू नोको."

तेवढ्यात पलीकडे झेंडा चढला. सगळ्या नोकरीची सवय. मी ताडकन उठून सलामी ठोकली. डोंगा उलटला. मी पोहलो होतो ते नौदलाच्या फरशीबंद हौदात. इथे बूट शेवाळात अडकले. शिवरामने कॉलर धरून ओढलं. पकड तीच होती.

काठावरून दोन डोकी तेवढी दिसली असावीत. भोंग्यावर सरपंच ओरडले, "साहेबांनी शिवरामले पुन्हा वाचवलं!"

निथळतच माईक घेतला आणि सगळं खरं सांगितलं. मग सरपंचांनी डोळे पुसले. "याले म्हन्तात मोठेपणा! श्रेय बी दुसऱ्याले देऊन राह्यले!" टाळ्या पडल्या. शाल मी शिवरामच्या खांद्यावर टाकली. माझ्यासाठी आणखी टाळ्या.

दुपारी त्याच्याकडे भात आणि माशांचा रस्सा जेवलो. संध्याकाळी तो फाट्यावर सोडायला आला.

"मले माफ केलं ना?"

"लोकायनं केलं ना. मी कुठी केलं?" एसटी दिसली तसा तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात तलावातलं शेवाळ काढाचं हाये. ये."

खिडकीशी बसलो. पिशवीतल्या ओल्या गणवेशाला चिखलाचा वास येत होता. इतक्या वर्षांत पाण्यातलं पहिलं काम मिळालं होतं, आणि त्याला गणवेश लागणार नव्हता.